मांगूर मारण्याचा उन्हाळा

मांगूर लवकर मरत नाही. हे मी ऐकून सांगत नाही, मारून सांगते आहे. डोक्यावर एक घाव घातला तर तो फक्त थांबतो, विचारात पडल्यासारखा. दुसऱ्या घावाला मिशा हलवतो. तिसरा घाव नेमका बसला तर संपतो, नाहीतर सपसप करत चिखलातून चालायला लागतो. हो, चालायला. पुढच्या दोन काटेरी परांवर भार देऊन हा मासा जमिनीवर सरकतो, आणि पाणी कुठल्या दिशेला आहे हे त्याला कसं कळतं देव जाणे.

वैशाख लागला, की आदिलाबादच्या आसपासचे तलाव आटू लागतात. मी रोज ऑफिसला जाते त्या रस्त्याकडेचा तलावही दर आठवड्याला थोडा आकसतो. आधी काठची बेशरमाची झुडपं उघडी पडतात, मग म्हशींच्या खुरांचे खड्डे, मग मधला काळा गाळ. त्या गाळाला एक वास असतो. बसमधल्या बाकीच्या बाया नाकाला पदर लावतात. मी लावत नाही. मला त्या वासानं भूक लागते, आणि मग स्वतःची किळस येते. दोन्ही खरं आहे, त्यातलं एक लपवून दुसरं सांगण्यात काही अर्थ नाही.

आमचं गाव जैनथच्या अलीकडे. गावाच्या उशाशी तलाव, तलावाच्या पाळीवर भोयांची चार घरं, आणि पलीकडे आमची वस्ती, विहार आणि विहारामागे आमचं घर. बाबा मराठी शाळेत मास्तर होते, म्हणून आईला सगळं गाव मास्तरीणबाई म्हणायचं. आई स्वतः चौथीच शिकलेली, पण वर्षावासाच्या तीन महिन्यांत विहारात ग्रंथ वाचायला तिलाच बसवत. आवाज खणखणीत आणि वागणं त्याहून. कुणाच्या भांडणात कोण खरं बोलतं ते ठरवायचं असलं, की म्हाताऱ्या म्हणायच्या, "मास्तरीनबाईले इचारा." गावात एवढी पत असलेली दुसरी बाई नव्हती. हे मी तेव्हा अभिमानानं सांगायचे. पुढचं समजायचं, तर तिची ही पत लक्षात ठेवावी लागेल.

वर्षावास आषाढी पौर्णिमेला बसतो. त्या दिवशी आई पांढरं लुगडं नेसायची, आणि आश्विनी पौर्णिमेपर्यंत आमच्या घरात मटण-मासळी बंद. मी आठवीत गेले त्या वर्षी पौर्णिमा नेमकी बाजारच्या दिवशी आली. मेणबत्त्या आणि फुलं घ्यायला आम्ही दोघी जैनथला गेलो. फुलवाल्याच्या शेजारी मासळीवाला बसला होता. रोहू आणि कटला बर्फावर मरून पडलेले, डोळे पांढरे. बाजूला एक टोपलं, त्यात दोन बोटं पाणी आणि त्या पाण्यात एकमेकांवर चढलेले काळे, लांबोडके, बिनखवल्यांचे मासे. मी आधी त्यांना वाम समजले. "वाम नाई, मांगूर हाये," मासळीवाला म्हणाला. "बाहेरच्या देशातला. पान्याबिना दिवसभर जित्ता राह्यते." आणि त्यानं गिऱ्हाइकासाठी एक उचलून दगडावर ठेवला आणि लोखंडी गजानं त्याच्या डोक्यावर हाणलं. मासा मेला नाही. तोंड उघडत राहिला. मासळीवाला बिडी पेटवायला वळला आणि मासा तसाच, अर्ध्या डोक्याचा, आईकडे बघत तोंड उघडत मिटत राहिला.

आईला ते सोसलं नाही. सकाळीच तिनं पंचशील घेतलं होतं; जीव घेणार नाही, हे त्यातलं पहिलं. तिनं टोपल्यातले पाच मांगूर मागितले.

"कापून देऊ?"

"नाई. जित्तेच द्या."

आमची सगळी चूक या एका गोष्टीत आहे, म्हणून नीट सांगते. दया करायची तर ती जिवंतावरच करता येते. बर्फावरच्या रोहूवर कोण दया करणार? सगळ्या बाजारात जिवंत मासा होता तो एकच. हिंदू बाई असती तर गाईला पोळी घालून मोकळी झाली असती. आमच्या आईनं पाच शीलांचे पाच मांगूर ओल्या गोणपाटात गुंडाळले आणि मेणबत्त्यांच्या पिशवीत घालून बसमध्ये मांडीवर घेतले. कंडक्टर म्हणाला, "बाई, पिशवी काऊन हालून राह्यली?" आई म्हणाली, "माह्यावाली हाये, हालू द्या."

तलावावर गेलो तेव्हा पाळीवर कुणी नव्हतं. आईनं एकेक मासा दोन्ही हातांनी पाण्यात सोडला. "जा रे बाप्पा, जगा," ती म्हणाली. तेव्हा ती इतकी सुंदर दिसत होती, की मी आजही तो चेहरा आठवून स्वतःला त्रास देऊन घेते. मांगरांनी मागं वळून पाहिलं नाही. त्यांनी आईचं म्हणणं मात्र अक्षरशः पाळलं. ते जगले.

लिंबाजीमामा भोयाकडे तो तलाव ठेक्यानं असायचा. वाळलेल्या शेंगेसारखा माणूस, बोलणं तिखट. दर पावसाळ्यात तो रोहू-कटल्याचं बीज आणून सोडायचा, आणि सखूमामी टोपलं घेऊन गावोगाव विकायची. पुढच्या उन्हाळ्यात जाळ्यात पहिला मांगूर आला तेव्हा मामा खूश झाला. फुकटचा मासा, वजनदार! त्याच्या पुढच्या पावसाळ्यात बीज सोडलं आणि ते गेलं कुठं हे कळेना. जाळं टाकलं की नुसते मांगूर, हातभर लांबीचे, जाळ्यातच एकमेकांना चावणारे. एक दिवस मामानं पाळीवर एक मांगूर फाडला आणि पळसाच्या पानावर त्याच्या पोटातलं मांडून सगळ्यांना दाखवलं. मरळीची पिलं, एक बेडूक, आणि पाणकोंबडीच्या पिलाचा एक अख्खा पाय.

"हे मासोळी नाई, हे कसाई हाये," मामा म्हणाला. "माह्या तलावात हे आलं कुठून?"

आई माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझा हात धरला, इतका घट्ट की बांगडी रुतली.

त्या दिवसापासून आई दर आठवड्याला सखूमामीकडे पायलीभर ज्वारी पाठवायला लागली. नेऊन द्यायचं काम माझं. मामी बिचारी ओशाळायची. "मास्तरीनबाईले सांग, काऊन एवढं करतात आमच्यासाठी?" मी काय सांगणार? चौदा वर्षांची होते, आणि त्या वयात माणूस न्यायाधीश असतो. मला वाटायचं, ही ज्वारी म्हणजे तोंडावर ठेवलेला हात आहे. ग्रंथ वाचताना आई 'खोटं बोलणार नाही' असं म्हणायची तेव्हा मी तिच्याकडे टक लावून बघायचे. तिची नजर पोथीवरून हलायची नाही. आईला आपण पकडलंय, याची एक घाणेरडी मजा मला येत होती. तिच्यापेक्षा मी मोठी झाले होते, आणि त्यासाठी मला काही करावंही लागलं नव्हतं.

सखूमामीचं टोपलं रिकामं झालं. ती दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जायला लागली. मामानं मंडल ऑफिसात दरखास्त दिली, मग दुसरी दिली, आणि शेवटी वैशाखात मासोळी खात्याचे एक साहेब पाहणीला आले. तेलुगू माणूस, पायांत पांढरे बूट. बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून त्यांनी पाळीवरूनच तलाव पाहिला. मांगूर पाळायला आता सरकारची बंदी आहे, ते म्हणाले. इंजिन लावून पाणी काढा, उरलेल्या पाण्यात मोहाची ढेप टाका, आणि सगळं मारून चुना टाकून पुरा. "पूरा मारना पडता. एक बी छोडे तो अगले साल फिर वहीच."

"बाकीची मासोळी, साहेब?" मामानं विचारलं.

"वो बी जाती. क्या करते?"

मोहाची फुलं आपण गोड म्हणून वेचतो. त्याच झाडाच्या बियांचं तेल काढून उरते ती ढेप माशांना विष असते, हे मला त्या दिवशी कळलं. तीन दिवस इंजिन चाललं. चौथ्या दिवशी सकाळी मामानं पोत्यातली कुटलेली ढेप उरलेल्या पाण्यावर फेकली. पाण्यावर साबणासारखा फेस आला. आधी बारकी मासोळी वर आली, चांदीच्या टिकल्या उधळाव्यात तशी. मग उरलेसुरले रोहू. मग मरळी, भोवळ आल्यासारख्या कडेकडेनं फिरणाऱ्या. आणि मग वाम. आपली, इथली, बोटाएवढी बारीक वाम, जी आम्ही वर्षानुवर्षं तलावात आहे असं ऐकून होतो आणि क्वचितच पाहिली होती. त्या चिखलातून दोऱ्यासारख्या निघाल्या आणि काठावर येऊन पडल्या. मामा त्या उचलून पाहत होता. तळहातावर घेऊन, उलट्या करून. तो रडत नव्हता. मला वाटतं, रडला असता तर पुढचं काही झालं नसतं.

आणि मांगूर? मांगूर तोंड वर काढून हवा खात होते. विष त्यांना चढत होतं, पण सावकाश. तलावातलं आमचं होतं नव्हतं ते सगळं मेलं, आणि ज्यांच्यासाठी विष आणलं ते गाळात शिरून बसले.

"हाणा," मामा ओरडला. "एकेक काढून हाणा."

गाव तयारच होतं. बैलगाडीच्या उभाऱ्या, कुऱ्हाडीचे दांडे, बायांच्या हातात धुणं बडवायच्या मोगऱ्या. मांगूर बुळबुळीत, नुसत्या हाताला लागत नाही, म्हणून घरोघरच्या चुलीतली राख टोपल्यांनी आणलेली. हात राखेत घालायचे, गाळात खुपसायचे, कल्ल्यापाशी धरून बाहेर फेकायचं, की काठावरचा माणूस हाणणार. लवकरच मला समजलं, की मी फेकणारी नाही, हाणणारी आहे. मला नेम होता. डोळ्यांच्या मागे दोन बोटांवर एक जागा आहे, तिथे मोगरी बसली की मासा एका घावात सरळ होतो. बाया म्हणू लागल्या, "मास्तराची पोरगी पाह्य वं, कशी हानून राह्यली!" लोक मासे माझ्या पुढ्यात फेकायला लागले. माझ्या तोंडावर चिखल, हातावर राख, पोलक्यावर रक्त, आणि आत कुठेतरी इतका आनंद, की तसा मला पुढे कशानंच झाला नाही. लेकराच्या बारशाला नाही, नोकरीच्या ऑर्डरीला नाही. लोकांना सांगताना मी हे वाक्य गाळते. इथं गाळत नाही.

आई उशिरा आली. पांढरं लुगडं नेसून आली. चिखलात पांढरं लुगडं! मला तिचा राग आला. एवढं गाव राबतंय आणि ही विहारात निघाल्यासारखी पाळीवर उभी. वरून ती तो काठ पाहत होती: मेलेल्या मरळी, वामांचा गुंता, हलणारे मांगूर, आणि मधोमध मोगरी घेतलेली तिची मुलगी. मग ती पाळ उतरायला लागली, एकेक पाऊल जपून.

तेव्हाच मामा बोलला. हातातली वाम खाली टाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ज्यानं कोनं ही घान माह्या तलावात सोडली, त्याचे हात झडून जावो."

आणि मी बोलले. कुणी विचारलं नव्हतं. गरजही नव्हती. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि ते बघणं मला आणखी थोडा वेळ हवं होतं.

"माह्या आईनं सोडले! आषाढ पुनवेला, पाच! मी होती संगं!"

इंजिन बंद होतं, त्यामुळे शब्द सगळ्या तलावभर गेला. हाणणारे हात थांबले. आई उतरता उतरता जागच्या जागी थांबली.

"खरं हाये, मास्तरीनबाई?" मामानं विचारलं.

"व्हय."

"दोन वर्सं जवारी पाठवून राह्यली तुमी. म्या म्हनलं, केवढी दयावान बाई!" मामा हसला. त्याचं ते हसू मी कुणाला दाखवू शकत नाही, पण ते फार वाईट होतं. सखूमामीनं तोंड फिरवलं. मामानं कुणाच्या तरी हातातून उभारीचा दांडा घेतला, काठावर गेला आणि आईच्या पुढे धरला. "दया तुमी केली. आता निस्तरा बी तुमीच. घ्या."

मला वाटलं, कुणीतरी मध्ये पडेल. ज्या म्हाताऱ्या तिला न्याय विचारायच्या त्या तिथंच होत्या. विहारातले दोघेतिघे होते. बाबाही आलेले होते, पाळीवर सायकल धरून उभे होते. कुणी हललं नाही. बाबांनी सायकल वळवली आणि ते शाळेकडे निघून गेले. शाळा तर उन्हाळ्याची बंद होती.

आईनं दांडा घेतला. पहिला घाव चिखलात बसला आणि तिच्याच तोंडावर शिंतोडे उडाले. कुणीतरी हसलं. दुसरा माशाच्या शेपटीवर. तिला नेम नव्हता. घरात तिनं कधी कोंबडीही कापली नव्हती, झुरळ सुपलीत धरून बाहेर सोडायची. तिच्या हातचा प्रत्येक मांगूर पाच-सहा घावांनी मरत होता, म्हणजे सगळ्यांत जास्त छळ तिच्याच हातून होत होता, आणि ते तिला कळत होतं. एकदा तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली आणि माझ्या पुढ्यातला मासा एका घावात मारला. मी तिला ती डोळ्यांमागची जागा दाखवू शकले असते. तेवढं तरी करता आलं असतं.

ऊन कलेपर्यंत ती मारत होती. लुगड्याचा रंग सांगता येत नव्हता. लोक आपापले दांडे धुऊन घरी गेले तरी मामा बसून होता आणि एकेक मासा तिच्या पुढे टाकत होता. मग खड्डा झाला, चुना पडला, घारी आल्या. साहेबांनी खायचं नाही म्हणून बजावलं होतं, तरी त्या संध्याकाळी अर्ध्या गावात मासोळी शिजली. आमच्या चुलीवर काहीच शिजलं नाही.

आणि एवढं करून काय झालं? पावसाळ्यात तलाव भरला आणि आश्विनात पुन्हा मांगूर वर आले. आजूबाजूच्या गावांच्या तलावांतही तेच. तिथे तर कुठल्याही मास्तरणीनं काही सोडलं नव्हतं. पैनगंगेच्या पुरात कुणाचे तरी मांगूर पाळायचे खड्डे फुटले होते आणि सगळीकडे पसरले होते, असं पुढे माणसं सहज बोलून जायची. आईचे पाच नसते तरी तलाव गेलाच असता, असं तिला सांगायला मात्र कुणी आलं नाही. गावाला एक बाई मिळाली होती, पूर कशाला हवा होता? लिंबाजीमामा आणि सखूमामी दुसऱ्या वर्षी बेल्लमपल्लीकडे गेले, कोळशाच्या गावात मिळेल ते काम करायला. मामाला कोळशाच्या धुळीत खोकला लागला असं ऐकलं. पुढचं ऐकलं नाही, मी विचारलंही नाही.

आईनं विहारात ग्रंथ वाचणं सोडलं. कुणी सोड म्हटलं नाही, कुणी वाच असंही म्हटलं नाही. ती मागच्या ओळीत, दारापाशी बसायची. वंदनेत सगळे पहिलं शील म्हणत तेव्हा तिचे ओठ बंद असत. दुसऱ्या शीलापासून तिचा आवाज लागायचा. बाकीच्या बायांना हे कळलं नसेल. मी तिच्या शेजारी बसायचे, मला कळायचं. शेजारी बसण्याची शिक्षा मी स्वतःच स्वतःला दिली होती, आणि मला वाटत होतं की तेवढ्यात माझं भागलं.

आता आई माझ्याकडेच असते. गुडघे गेलेत, आवाज अजून खणखणीत. इतक्या वर्षांत आम्ही दोघी त्या दिवसाबद्दल एक शब्द बोललो नव्हतो. या वैशाखात एका दुपारी ती गच्चीत मुगाच्या वड्या घालत होती आणि मी तिच्या बाजूला बसून होते. खालच्या गल्लीतून मासळीवाला ओरडत गेला. मांगूर आता दुसऱ्याच नावानं विकतात, पण टोपल्यातली ती सपसप मला ओळखू येते. माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, मी त्या दिवशी बोलली नसती, तर कोणालाच कळलं नसतं ना?"

आईनं वडी घातली, मग आणखी एक घातली.

"मीच सांगाले उतरून राह्यली होती," ती म्हणाली. "घरून ठरवूनच निंगली होती. चार पावलं राह्यली होती लिंबाजीभाऊपासून."

मी वाटलेल्या डाळीचं भांडं तिच्याजवळ सरकवलं.

"सांगाले आलेल्या बाईच्या हाती कोनी दांडका देत नाई, बाई," आई म्हणाली. "सापडलेल्या बाईच्या हाती देते."